लिनक्सवरील नेटवर्क ड्रायव्हर : नवख्या विद्यार्थ्याला साहाय्य करताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीचा सर्वसाधारण आधार थांबविला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत तो आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. म्हणजे २०१७ पूर्वी घेतलेले बहुतेक संगणक, ते कितीही चांगले चालत असले तरी, अधिकृतपणे बाद ठरले. मोठ्या शहरातील संस्था नवे संगणक घेतील. बालाघाटसारख्या जिल्ह्यात, जेथे बैहर, लांजी किंवा कटंगीहून येणारा विद्यार्थी मोठ्या भावाने वापरलेला लॅपटॉप घेऊन महाविद्यालयात येतो, तेथे हा प्रश्न असा सुटत नाही. तो लॅपटॉप एकतर आधार संपलेल्या विंडोजवर चालत राहील, किंवा चोरीची प्रत घातली जाईल, किंवा त्यावर लिनक्स येईल.

लिनक्स बसविणे आता अवघड राहिलेले नाही. पेनड्राइव्ह लावून अर्ध्या तासात काम होते. अडचण त्यानंतर येते. संगणक सुरू होतो, पडदा सुंदर दिसतो, आणि वाय-फायची खूण कोठेच नसते. मराठी वा उर्दू टंकलेखनाचा आराखडा हवा, नस्तालीक फाँट हवा, लिबरऑफिसचा मराठी शब्दतपासक हवा, तर या सर्वांसाठी इंटरनेट लागते. इंटरनेटसाठी ड्रायव्हर लागतो आणि ड्रायव्हर इंटरनेटवर असतो. किल्ली पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावावे, तसा हा प्रकार आहे. लिनक्सला कंटाळून परत जाणारे कित्येक विद्यार्थी याच पहिल्या तासात परत जातात. म्हणून हा विषय संगणकशास्त्राच्या अध्यापकांपुरता मर्यादित मानणे बरोबर नाही. भाषेच्या, वाणिज्याच्या किंवा कौशल्य-अभ्यासक्रमाच्या अध्यापकाकडेही विद्यार्थी हीच तक्रार घेऊन येतो, आणि थोडी पद्धत ठाऊक असली तर तो तिचे निराकरण करू शकतो.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषी

लिनक्सच्या केंद्रभागाला कर्नल म्हणतात. नेटवर्क कार्ड हे वेगळ्या कारखान्यात तयार झालेले, स्वतःची वेगळी बोली असणारे यंत्र आहे. कर्नल आणि कार्ड यांच्यामध्ये उभा राहून एकाचे बोलणे दुसऱ्याला समजावून देणारा कार्यक्रम म्हणजे ड्रायव्हर. मराठीत ज्याला दुभाषी म्हणतात आणि उर्दूत तर्जुमान, तेच त्याचे काम. बालाघाटच्या विद्यार्थ्याला ही उपमा फोड करून सांगावी लागत नाही. जुन्या मध्य प्रांतात हा जिल्हा नागपूर विभागात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. घरात मराठी किंवा पोवारी, वर्गात हिंदी, जंगलभागात गोंडी, आणि संगणकाच्या पडद्यावर इंग्रजी. दुभाषी नसला की काय होते हे तो रोज पाहतो.

येथे दोन गैरसमज आरंभीच दूर करावे लागतात. पहिला विंडोजच्या सवयीतून आलेला आहे. कार्डाबरोबर एक तबकडी मिळते, त्यात ‘सेटअप’ असते, ते दोनदा टिचकावले की काम झाले, अशी विद्यार्थ्याची कल्पना असते. लिनक्समध्ये बहुसंख्य ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतात. दुभाषी आधीच दरबारात बसलेला असतो, त्याला बाहेरून आणावे लागत नाही. म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावर ड्रायव्हर शोधत बसणे हे बहुधा चुकीच्या दारावर थाप मारणे होय.

दुसरा गैरसमज ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांच्यातील गल्लतीचा. अनेक वाय-फाय कार्डांना सुरू होताना स्वतःच्या पोटात एक छोटा कार्यक्रम भरून घ्यावा लागतो. वीज गेली की तो पुसला जातो, म्हणून प्रत्येक वेळी नव्याने भरावा लागतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. ते कार्ड बनविणाऱ्या कंपनीच्या मालकीचे असते आणि त्याचे मूळ लिखाण सहसा खुले नसते. त्यामुळे काही लिनक्स वितरणे ते वेगळे ठेवत आली. अशा वेळी दुभाषी हजर असतो, पण ज्याच्याशी बोलायचे तो अजून शुद्धीवर आलेला नसतो. डेबियनने २०२२ मध्ये सदस्यांचे मतदान घेऊन हे धोरण बदलले, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून असे फर्मवेअर स्थापनेच्या मूळ प्रतीतच मिळू लागले. जुन्या प्रतीवर अडलेले कार्ड नव्या प्रतीवर आपोआप चालते, असे अनेकदा घडते. तेव्हा तासभर डोके खाजविण्यापूर्वी विद्यार्थ्याने कोणत्या वर्षाची प्रत बसविली आहे, एवढे विचारून घ्यावे.

ड्रायव्हरचा हा प्रश्न मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासात अगदी मुळाशी आहे. अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचा एक लेसर छपाईयंत्र आला. त्यात कागद अडकला की दूर बसलेल्यांना त्याची सूचना मिळावी, एवढी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांना करायची होती. जुन्या यंत्राच्या बाबतीत त्यांनी ती केलीही होती. नव्या यंत्राच्या कार्यक्रमाचे मूळ लिखाण मात्र त्यांना नाकारण्यात आले. १९८३ मध्ये त्यांनी घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पामागे जी कारणे ते सांगतात, त्यात हा प्रसंग असतो. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी हेलसिंकीत लिनक्स कर्नल लिहावयास घेतले, तेव्हापासून हार्डवेअर कंपन्यांकडून माहिती मिळविणे हे त्या कामाचे कायमचे दुखणे राहिले. ब्रॉडकॉम कंपनीच्या वाय-फाय चिपची माहिती खुली नव्हती, म्हणून स्वयंसेवकांनी तिच्या ड्रायव्हरचे वर्तन बारकाईने पाहून स्वतःचा ड्रायव्हर रचला. तो २००६ मध्ये कर्नलमध्ये आला. कंपनीने स्वतः काही चिपसाठी खुला ड्रायव्हर दिला तो २०१० मध्ये. त्या दरम्यानच्या वर्षांत ‘एनडिसरॅपर’ नावाच्या वेष्टणात विंडोजचाच ड्रायव्हर गुंडाळून लिनक्सवर चालविण्याची युक्ती सर्वत्र चाले. त्या काळी लिहिलेल्या सूचना आजही शोधताना समोर येतात आणि नवखा विद्यार्थी त्या जशाच्या तशा टंकित करतो. सूचनेखालची तारीख पाहावयास शिकविणे हा या कामातला अर्धा धडा आहे.

आधी नाव विचारावे

विद्यार्थी म्हणतो, “सर, नेट चालत नाही.” या एका वाक्यात निदान तीन निरनिराळे आजार असू शकतात. वाय-फायची खूणच नसणे हा एक. जाळी दिसतात पण जोडणी होत नाही हा दुसरा. जोडणी झाली असे दिसते पण पान उघडत नाही हा तिसरा. ड्रायव्हरचा संबंध मुख्यतः पहिल्याशी असतो. दुसऱ्यात सांकेतिक शब्द चुकलेला असणे किंवा सिग्नल क्षीण असणे अधिक संभवते. तिसऱ्यात कार्ड निर्दोष असते आणि दोष पुढे कोठेतरी असतो. हा भेद करण्याआधी काहीही बसवू नये.

लॅपटॉपवर वाय-फाय बंद करण्याची एखादी कळ किंवा बाजूला सरकपट्टी असते. ती पाहावी. हे सांगणे क्षुल्लक वाटेल, पण ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा दिली असता ‘हार्ड ब्लॉक्ड : येस’ असे उत्तर आले, तर कोणताही ड्रायव्हर उपयोगी पडणार नाही, बोटाने ती कळ सरकवावी लागेल. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक ऑल’ पुरते.

त्यानंतर मुख्य प्रश्न, कार्डाचे नाव. खोक्यावरचे नाव येथे कामाचे नसते. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या छोट्या यूएसबी अडॅप्टरच्या पहिल्या आवृत्तीत अथेरोसची चिप होती आणि दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची. बाहेरून दोन्ही सारखेच. गोंदिया किंवा नागपूरच्या बाजारातून तोच अडॅप्टर दोन मित्रांनी आणला आणि एकाचा लावताक्षणी चालला, दुसऱ्याचा नाही, तर त्यात दोघांपैकी कोणाचाच दोष नाही. दुभाषी चिपची बोली जाणतो, खोक्याची नाही.

चिपचे खरे नाव यंत्रालाच विचारता येते. टर्मिनल उघडून लहान रोमन अक्षरांत ‘एल एस पी सी आय’ ही पाच अक्षरे जोडून लिहावीत, मग एक मोकळी जागा, मग उणे चिन्ह, आणि त्याला लागून ‘एन एन के’. एंटर दाबले की संगणकात बसविलेल्या सर्व उपकरणांची यादी येते. यूएसबी अडॅप्टर असल्यास ‘एल एस यू एस बी’. यादीत ‘नेटवर्क कंट्रोलर’ किंवा ‘इथरनेट कंट्रोलर’ असे शब्द असलेली ओळ शोधावी. त्या ओळीत चौकोनी कंसात चार-चार चिन्हांच्या दोन जोड्या असतात, मध्ये अपूर्णविराम. पहिली जोडी कारखान्याची, दुसरी विशिष्ट चिपची. १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे अथेरोस. इंटेलची खूण ८०८६ आहे. ज्या प्रोसेसरने कंपनीला नाव मिळवून दिले त्याचाच क्रमांक तिने आपली ओळख म्हणून घेतला. यूएसबीच्या यादीत याच कारखान्यांच्या खुणा वेगळ्या असू शकतात. रिअलटेक तेथे ०बीडीए असते. ही आठ चिन्हे वहीत लिहून घ्यावीत. यापुढचा सर्व शोध याच आठ चिन्हांनी करावयाचा आहे. “डेल लॅपटॉप, वाय-फाय नाही” असे शोधणाऱ्याला शंभर उत्तरे मिळतात, १४ई४:४३१५ शोधणाऱ्याला नेमके एक.

त्याच ओळीखाली, थोडे आत सरकवून, ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ आहे का, हे पाहणे महत्त्वाचे. ती असेल तर दुभाषी कामावर आहे आणि दोष अन्यत्र शोधावा. केवळ ‘कर्नल मॉड्यूल्स’ ही ओळ असेल तर ड्रायव्हर संगणकात आहे, पण कार्डाशी त्याची गाठ पडलेली नाही. फर्मवेअरची उणीव हे त्याचे एक नेहमीचे कारण. फर्मवेअर नसूनही ‘इन यूज’ दिसणारी कार्डे आहेत, म्हणून ‘सुडो डीमेसेज’ ही आज्ञा देऊन कर्नलची रोजनिशीही वाचावी आणि तीत ‘फर्मवेअर’ हा शब्द शोधावा. ‘फेल्ड टू लोड’ असे शब्द त्याच्या शेजारी सापडले की निदान पक्के झाले. दोन्ही ओळी नसतील तर या कर्नलजवळ त्या चिपचा दुभाषी नाही, आणि मग नवे कर्नल असलेले वितरण घेणे हा पहिला उपाय ठरतो.

या ठिकाणी मराठी-उर्दूच्या अध्यापकांना एक सूचना विशेष करून द्यावीशी वाटते. विद्यार्थ्याने आज्ञा अचूक लिहिली, तरी ‘कमांड नॉट फाउंड’ येत असेल तर कळफलक देवनागरी किंवा उर्दू आराखड्यावर राहिलेला नाही ना, हे पाहावे. लहान ‘एल’ आणि इंग्रजी एकचा आकडा यांतही घोटाळा होतो. शिवाय ‘सुडो’ने आरंभ होणारी आज्ञा दिली की यंत्र सांकेतिक शब्द मागते आणि तो लिहिताना अनेक वितरणांत पडद्यावर काहीच उमटत नाही, तारकाही नाहीत. कळफलक बिघडला असे समजून अनेक जण येथेच थांबतात.

कुलूप उघडण्याची सोपी वाट

किल्ली पेटीत असल्याचे वर म्हटले आहे. आज ती बाहेर काढण्याचे साधन प्रत्येकाच्या खिशात आहे. अँड्रॉइड फोन डेटा-केबलने संगणकाला जोडावा आणि फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या विभागात जाऊन ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. त्या क्षणी फोन संगणकाला तारेच्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो, आणि या प्रकारच्या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये फार पूर्वीपासून आहे. काहीही बसविल्याविना इंटरनेट येते. फोन स्वतः महाविद्यालयाच्या वाय-फायवर असेल तर तेच पुढे संगणकाला मिळते, विद्यार्थ्याचा डेटा खर्च होत नाही. केबल मात्र केवळ चार्जिंगची नसावी. २००० च्या दशकात हा मार्ग सर्वांना उपलब्ध नव्हता. तेव्हा शेजारच्या सायबर कॅफेतून फायली पेनड्राइव्हवर आणाव्या लागत आणि प्रत्येक फाइल दुसरी फाइल मागे. त्या काळातील लिनक्सविषयीची धास्ती बऱ्याच अंशी या हेलपाट्यांतून आलेली आहे.

इंटरनेट एकदा आले की लिनक्स मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ आणि उबुंटूमध्ये ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ उघडावे. ब्रॉडकॉमच्या जुन्या कार्डांसाठी योग्य पर्याय तेथेच दिसतो. याच कार्डांबाबत एक खोच आहे. १४ई४:४३१५ ही चिप २०१० च्या आसपासच्या अनेक लॅपटॉपांत होती. तिला दोन दुभाषी आहेत : एक स्वयंसेवकांनी रचलेला ‘बी४३’, ज्याला वेगळे फर्मवेअर लागते, दुसरा कंपनीचा बंदिस्त ‘डब्ल्यूएल’. दोघे एकत्र नांदत नाहीत. दुसरा बसविला की तो पहिल्याला काळ्या यादीत टाकतो. विद्यार्थ्याने आधी दोन-तीन ठिकाणच्या सूचना करून पाहिल्या असतील, तर फर्मवेअर असूनही ‘बी४३’ उठत नाही, याचे कारण ही यादी असते. अशा वेळी ‘डब्ल्यूएल’चे पॅकेज पूर्ण काढून टाकावे, संगणक पुन्हा सुरू करावा आणि मगच पुढे जावे.

स्वस्त यूएसबी अडॅप्टरांची आणखी एक खोड आहे. त्यांपैकी काही लावल्यावर आपण नेटवर्क कार्ड नसून सीडी आहोत असे सांगतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्या पोटातच भरून दिलेला असतो. यादीत ०बीडीए:१ए२बी दिसले तर हाच प्रकार समजावा. फाइल-व्यवस्थापकात ती खोटी सीडी दिसते. तिला ‘इजेक्ट’ केले की अडॅप्टर आपले खरे रूप धारण करतो आणि त्याची आठ चिन्हेही बदलतात. कायमच्या सोयीसाठी ‘यूएसबी-मोडस्विच’ हे पॅकेज आहे.

ज्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नाही, त्याचे मूळ लिखाण आणून स्वतः संकलित करण्याचा मार्ग शेवटचा मानावा. रिअलटेकच्या काही यूएसबी चिपसाठी तो घ्यावा लागला, तरी अलीकडच्या कर्नलमध्ये त्यांपैकी अनेकांना जागा मिळाली आहे, तेव्हा नवे वितरण घेणे हेच बहुधा कमी श्रमाचे. संकलन करावेच लागले तर ते ‘डीकेएमएस’ या व्यवस्थेतून करावे. अन्यथा पुढच्या महिन्यात कर्नल अद्ययावत झाले की ड्रायव्हर नाहीसा होतो आणि विद्यार्थी पुन्हा दारात उभा राहतो. संगणकात ‘सिक्युअर बूट’ चालू असेल तर स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर कर्नल स्वीकारत नाही. बसविताना एक तात्पुरता सांकेतिक शब्द ठरविण्यास सांगितले जाते, आणि पुढच्या सुरुवातीला एका निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ हा पर्याय निवडून तोच शब्द द्यावा लागतो. तो पडदा काही सेकंदच थांबतो. तो काय आहे हे आधी सांगितले नसेल तर विद्यार्थी घाबरून पुढे जातो आणि ड्रायव्हर बसूनही निकामी राहतो.

हात कोणाचे

या सर्व प्रक्रियेत कळफलक विद्यार्थ्याच्या हाती असावा. अध्यापकाने बाजूला बसून आज्ञा उच्चारावी, विद्यार्थ्याने लिहावी, आणि उत्तर मोठ्याने वाचून आपल्या भाषेत त्याचा अर्थ सांगावा. अध्यापकाच्या हाताने दहा मिनिटांत होणारे काम असे केल्याने चाळीस मिनिटे घेते. पण इंग्रजी संदेश दिसताच डोळे मिटून ‘ओके’ दाबण्याची सवय याच चाळीस मिनिटांत मोडते. पडद्यावरचे वाक्य शिक्षा नसून माहिती आहे, हे भाषेच्या अध्यापकाइतके चांगले कोण शिकवील? अर्थ न समजलेली ‘सुडो’ आज्ञा चिकटवावयाची नाही, असा वर्गाचा नियमच असावा. त्या शब्दाने संगणकावरील सर्व अधिकार पुढच्या वाक्याच्या स्वाधीन होतात.

आधारासाठी साधनेही आहेत. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेले बॉस हे डेबियनवर आधारलेले लिनक्स भारतीय भाषांचा विचार करून रचलेले आहे. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सच्या मूलभूत आज्ञांवरील छोटे पाठ मराठी निवेदनासह मिळतात. ते उतरवून ठेवले की इंटरनेट नसतानाही वर्गात दाखविता येतात. केरळमधील शाळांनी २००० च्या दशकातच मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग धरला, आणि त्यासाठी शिक्षकांना मोठ्या संख्येने प्रशिक्षण दिले गेले. तेथे आधी शिक्षक तयार झाले, ही गोष्ट इतरत्र पुरेशी ध्यानात घेतली जात नाही.

काम झाल्यावर संगणक दोनदा बंद करून सुरू करावा, फोनची केबल काढलेली असताना. वाय-फाय स्वतःहून जोडले गेले तर वहीत पाच गोष्टी लिहून ठेवाव्यात : संगणकाचे मॉडेल, चिपची आठ चिन्हे, वितरणाचे नाव व आवृत्ती, ‘यूनेम’ ही आज्ञा उणे ‘आर’सह दिली असता दिसणारा कर्नलचा क्रमांक, आणि अखेरीस ज्याने काम झाले तो ड्रायव्हर किंवा ते पॅकेज. ही वही प्रयोगशाळेच्या टेबलावर असावी, कपाटात नव्हे. वारासिवनीच्या विद्यार्थिनीने लिहिलेली नोंद पुढच्या वर्षी लालबर्ऱ्याच्या विद्यार्थ्याला सापडली, तर त्याला ती आठ चिन्हे जुळवून पाहण्यापलीकडे फारसे काही करावे लागणार नाही.